भात एक, पोटें निरनिराळीं

शाळेंत संस्कृत व मराठी हे आमचे विषय. विज्ञानाच्या तासाशीं आमचा संबंध क्वचितच येई. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले आणि तो तास आमच्या वाट्यास आला म्हणजे एक प्रयोग आम्ही मुलांकडून हटकून करवून घेत असूं. डब्यांतील कोरड्या पोळीचा तुकडा तोंडांत घ्यावयाचा, गिळावयाचा नाहीं, आणि आम्ही शंभर अंक मोजीपर्यंत चावीत राहावयाचें. सत्तर-ऐंशींच्या सुमारास एखाद्या मुलाचे डोळे विस्फारत. तोंड भरलेलें असल्यामुळें बोलतां येत नसे; तो नुसता खुणेनें सांगे कीं, गोड लागतें आहे. पोळींत तर कोणी साखर घातलेली नव्हती. मग ही गोडी आली कोठून?

याचें उत्तर आम्ही फळ्यावर एक माळ काढून देत असूं. गहूं, तांदूळ, ज्वारी, बटाटा, साबुदाणा यांचा मुख्य भाग म्हणजे पिष्ट, ज्यास आतां घरोघर स्टार्च म्हणतात. कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा चीक आपल्या घरांतून काढितात, तो बहुतांशीं हेंच पिष्ट होय. द्राक्षशर्करेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, कणांच्या लांबच लांब माळा असें त्याचें स्वरूप असतें. लाळेंत त्या माळा तोडणारें एक पाचकद्रव्य आहे. जर्मनींतील लॉइक्स नांवाच्या रसायनज्ञानें इ. स. १८३१ मध्यें लाळेचा हा गुण दाखवून दिला. पुढें आंतड्यांत स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि उरलेलें काम पुरें करितो. माळ तुटते, मणी सुटे होतात आणि रक्तांत जातात. मुलांना एवढें पुरेसें होत असे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही.

ती माळ किती लवकर तुटते, हा प्रश्न मात्र आम्हीं कधीं विचारला नाहीं. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरांत या एका प्रश्नावरून जेवढा वाद, रुसवाफुगवा आणि अश्रुपात झाला, तेवढा वडिलार्जित आमराईच्या वांटणीवरूनही झाला नव्हता.

आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, आतां पंचाहत्तरीला आले आहेत. जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतला. सांगलीस येऊन पन्नासाच्या जवळ वर्षें झालीं, तरी भाकरीला त्यांनीं अद्याप पाहुणीच मानिलें आहे. दोन वेळां भात झाला नाहीं तर आपण जेवलों असें त्यांना वाटत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांना मधुमेह असल्याचें निघालें. डॉक्टरांनीं ‘भात कमी करा’ म्हणून सांगितलें; दवाखान्यांतून घरीं येईपर्यंत त्याचें ‘भात बंद करा’ असें झालें. त्याच रात्रीं वहिनींनीं दादांच्या पानांत भाकरी वाढली. दादा कांहींच बोलले नाहींत. अर्धी भाकरी मोडून हात धुऊन उठले. असें पुष्कळ दिवस चाललें. तीन महिन्यांत त्यांचें वजन पांच किलोंनीं उतरलें, आणि तें रोगामुळें कीं अर्धपोटीं राहिल्यामुळें, हें कोणालाच सांगतां येईना.

अशा वेळीं आमच्या पुतण्याची पत्नी, जी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, कोठेंसें वाचून आली कीं, भात शिजवून पुरता गार केला आणि दुसऱ्या दिवशीं ऊन करून खाल्ला, तर रक्तांतील साखर कमी वाढते. “मामंजी, तुम्ही भात खा, फक्त कालचा खा,” असें ती म्हणाली, आणि दादांच्या मुद्रेवर कित्येक आठवड्यांनीं तेज दिसलें. अडचण आली ती वहिनींची. रात्र ओलांडलेलें अन्न ‘पर्युषित’. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तें तामसांच्या आवडींत गणलें आहे, हें त्यांनीं आम्हांसच ऐकविलें. आम्हीं हळूच म्हटलें, “वहिनी, फोडणीचा भात तर या घरांत दर आठवड्यास होतो.” त्यावर त्या म्हणाल्या, “तो पोरांच्या न्याहारीला, भाऊजी. आजारी माणसाच्या पानांत शिळें वाढायचें का?” या प्रश्नाला शास्त्रांत उत्तर असेल, आमच्यापाशीं नव्हतें.

शेवटीं सूनबाईंचें म्हणणें मान्य झालें. परंतु शिळा भात औषधी आहे हें एकदां मनांत ठसल्यावर दादा दोन वाढींऐवजीं तीन वाढी घेऊं लागले. जेवणानंतर दोन तासांची जी साखर १८० च्या आसपास राहत असे, ती २४० वर गेली. सूनबाई रडली, वहिनींना आपलें खरें झाल्याचें समाधान वाटलें आणि मग त्याही रडल्या. निर्णय आमच्याकडे आला, कारण घरांत निवृत्त आणि रिकामे असे आम्हीच. म्हणून आम्हीं वाचावयास घेतलें. तें आज येथें सांगतों.

कच्च्या धान्यांतील पिष्ट बारीक बारीक कणांत घट्ट रचलेलें असतें. तांदळाचे कण फारच सूक्ष्म, एका मिलिमीटरांत शें-दोनशें सहज बसतील असे. बटाट्याचे त्या मानानें पुष्कळच मोठे. या रचनेंत पाचकरसास शिरकाव मिळणें कठीण असतें, आणि कच्चा बटाटा व कच्चें केळें या बाबतींत तर फारच हट्टी. पाण्यांत घालून उष्णता दिली म्हणजे साधारणपणें ६० ते ८० अंशांच्या दरम्यान ते कण पाणी पितात, फुगतात आणि त्यांतील माळा मोकळ्या होतात. ज्यास आपण शिजणें म्हणतों तें हेंच. अन्न गार झालें म्हणजे त्या माळा पुन्हां एकमेकींस बिलगूं लागतात. गार भाताचा दाणा ताठ होतो, खळीची वाटींत वडी बनते, शिळी भाकरी वातड होते, तें यामुळें.

या माळाही दोन जातींच्या आहेत. एक सरळ, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. सरळ माळा कांहीं तासांतच एकमेकींत विणल्या जातात, आणि भात पुन्हां ऊन केला तरी ती वीण सहसा उकलत नाहीं. फांद्यांच्या माळा सावकाश, दिवसादिवसांनीं बिलगतात आणि ऊन करतांच सुटतात. ज्या तांदळांत सरळ माळा अधिक, त्याचा भात मोकळा होतो. ज्यांत त्या फार थोड्या, त्याचा चिकट होतो. इतर सर्व सारखें असतां मोकळा भात हळू पचतो आणि चिकट, गुरगुट्या भात भराभर पचतो. लहान मुलाला मऊ भात भरविणारी आजी आणि मधुमेह्याला मोकळा भात वाढणारी सून या दोघीही बरोबरच असतात, तें या न्यायानें.

जें पिष्ट लहान आंतड्यांत पचत नाहीं आणि तसेंच पुढें जातें, त्याला केंब्रिज येथील हान्स इंग्लिस्ट यांनीं १९८२ मध्यें स्वतंत्र नांव दिलें. मराठींत त्यास न पचणारें पिष्ट म्हणूं. तें वाया जात नाहीं. मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु तें आंबवितात आणि त्यांतून जीं आम्लें निघतात, त्यांतील एकावर त्या आंतड्याचें अस्तर पोसलें जातें.

आतां सूनबाईंच्या भाताचा हिशोब. इंडोनेशियांतील संशोधकांनीं २०१५ मध्यें छापलेल्या एका अभ्यासांत पंधरा निरोगी माणसांस एकदां ताजा भात दिला, आणि एकदां चोवीस तास ४ अंशांवर थंड ठेवून पुन्हां ऊन केलेला भात दिला. ताज्या भातांत १०० ग्रॅमांस ०.६४ ग्रॅम न पचणारें पिष्ट होतें. थंड करून ऊन केलेल्यांत १.६५ ग्रॅम. रक्तांतील साखरेची एकूण वाढ सुमारें सहाव्या हिश्श्यानें कमी भरली. सूनबाईंनीं वाचलें तें खोटें नव्हतें. परंतु १०० ग्रॅम शिजलेल्या भातांत एकंदर पिष्ट सुमारें २८ ग्रॅम असतें. त्यांतून एक ग्रॅम अधिक सुटला, थोडें हळू पचलें, हा लाभ. आणि त्या लाभाच्या भरंवशावर दादांनीं एक वाढ अधिक घेतली, म्हणजे दीडपट भात खाल्ला. सहाव्या हिश्श्याची सूट मिळाली म्हणून दीडपट माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचें जें होतें तेंच त्यांचें झालें. आम्हीं हें पाटीवर मांडून दाखविलें, तेव्हां दादा म्हणाले, “अरे, मग हें आधींच कां नाहीं सांगितलंस?” आधीं आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें!

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शिळा भात म्हणजे रात्रभर ओट्यावर झांकून ठेवलेला भात नव्हे. तांदळांत एका जंतूचीं बीजें असतात. तीं शिजविल्यानें मरत नाहींत आणि कोमट भातांत त्यांची वाढ होते. त्यांतून निर्माण होणारें एक विष असें आहे कीं, भात पुन्हां खळखळून तापविला तरी तें नाहींसें होत नाहीं, आणि मग उलट्यांनीं माणूस हैराण होतो. भात ठेवावयाचाच तर परातींत पसरून लवकर निववावा आणि तासाभरांत फ्रिजमध्यें जावा. आपल्याकडील उन्हाळ्यांत तर यास अपवाद नको.

भाताच्या शिळेपणावर घरांत इतका खल झाला. परंतु आमच्या मतें त्याहून मोठी गोष्ट जात्यांत आहे, आणि तिकडे कोणाचें लक्षच नव्हतें. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें १९८८ मध्यें एक साधासा प्रयोग प्रसिद्ध झाला. तोच गहूं चार प्रकारें दिला: अखंड दाणा, भरडलेला दाणा, जाडें पीठ, बारीक पीठ. जसजसें दळण बारीक होत गेलें, तसतसा खाणाऱ्याच्या रक्तांतील इन्सुलिनचा उसळा पायरीपायरीनें वाढत गेला. धान्य तेंच, तोलही तोच. दाण्याच्या आंत पिष्टाभोवतीं पेशींच्या भिंती असतात; दांत किंवा जातें त्या जेवढ्या फोडील, तेवढाच पाचकरसास रस्ता. हरभरा, मटकी, मूग यांची उसळ साखर हळू वाढविते, त्याचें एक कारण या भिंती शिजल्यावरही पुष्कळशा शाबूत राहतात हें आहे. तोच हरभरा दळून बेसन केलें कीं भिंती गेल्या.

यावरून आमच्या घरांतील भाकरीचा विचार करा. भाकरी म्हणजे पथ्य, हें गृहीत धरून वहिनी गिरणीवाल्यास बजावून सांगत, “अगदीं बारीक दळ रे, भाकरी तुटायला नको.” ज्वारी चांगली, यांत शंका नाहीं, तिच्या पिष्टाभोवतीं असलेलें प्रथिन पाण्यांत शिजल्यावर उलट अधिक घट्ट होतें आणि पचन थोडें मंदावतें. परंतु मैद्यासारखें बारीक दळल्यावर त्यांतला बराचसा गुण गिरणींतच राहतो. पूर्वीं ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर खात. तो पदार्थ आम्हांस या दृष्टीनें भाकरीहून सरस वाटतो. कुरमुरे, लाह्या, पोहे हीं फुलविलेलीं व दडपलेलीं धान्यें पोटांत भराभर विरघळतात. आणि साबुदाण्याविषयीं काय सांगावें! तो तर टॅपिओकाच्या कंदाचें जवळजवळ निव्वळ पिष्ट. दादांच्या वहींत साखरेचे सर्वांत मोठे आंकडे एकादशीच्या दिवशींचे निघाले. उपवासानें साखर कशी चढते, याचें वहिनींना फार दिवस कोडें होतें.

कांहीं मधुमेह्यांस डॉक्टर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची एक गोळी देतात. ती गोळी दुसरें कांहीं करीत नाहीं. आंतड्यांत माळेचे शेवटचे मणी सुटे करणाऱ्या पाचकद्रव्यास थोपवून धरिते. म्हणजे जें काम अखंड दाण्यानें फुकट केलें असतें, तें आपण गिरणीस पैसे देऊन बिघडवितों आणि औषधवाल्यास पैसे देऊन दुरुस्त करून घेतों.

जुन्या वैद्यकास हें सर्व अज्ञात होतें असें मात्र कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानाचा जो अध्याय आहे, त्यांत मंड, पेया, विलेपी आणि ओदन अशा एकाच तांदळाच्या निरनिराळ्या पायऱ्या सांगितल्या असून प्रत्येकीचे गुण वेगळे दिले आहेत. तांदूळ आधीं भाजला, धुतला, पेज काढून टाकिली, तर भाताचा गुण बदलतो, हेंही त्यांच्या दृष्टीस आलें होतें. द्रव्य एक असलें तरी संस्कारानें तें दुसरें होतें, हें तें तत्त्व. फरक एवढाच कीं, त्यांच्यापुढें बसलेला रोगी बहुधा ज्वरानें क्षीण झालेला असे; त्याच्या मंद अग्नीला झेपेल असें ‘लघु’ अन्न देणें हें वैद्याचें कौशल्य. आमच्या पिढीपुढें जो रोगी बसला आहे, त्याच्या बाबतींत जें हलकें तेंच जड जातें. ‘पचायला हलकें’ ही प्रशंसा आपल्या तोंडीं इतकी बसली आहे कीं, कोणाच्या पोटासाठीं हलकें, हें विचारावयाचें आपण विसरतों.

आणि पोट म्हणजे माणसाचेंच असतें असेंही नाहीं. हें सारें वाचीत असतां गुरांच्या आहारावरचें एक जाड पुस्तक हातीं आलें. त्यांत पिष्टाच्या पचनावर एक मोठें प्रकरण होतें. तें वाचतां वाचतां एका पानावर आम्ही थांबलों, आणि त्या दिवशीं पुढें वाचवलें नाहीं.

सन १९७० च्या वैशाखांत कोंकणांतील आमच्या घरीं धाकट्या भावाची मुंज झाली. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे, दादा वीस वर्षांचे. पाऊसवाऱ्यामुळें पलीकडच्या गांवचीं माणसें आलीं नाहींत आणि अर्धें तपेलें भात उरला. अन्न टाकावयाचें नाहीं, आणि गोग्रासासारखें पुण्य नाहीं, म्हणून आजीनें तो गोठ्यांत नेण्यास सांगितलें. दादांनीं दोन बादल्या भरून आमच्या तांबूपुढें ठेविल्या. तांबू सहा महिन्यांची गाभण होती. तिनें तो भात इतक्या आवडीनें खाल्ला कीं, आम्ही मुलें भोंवतीं उभीं राहून पाहत होतों, आणि दादा तिच्या मानेवरून हात फिरवीत होते.

रात्रीं ती रवंथ करीनाशी झाली. सकाळीं डावी कूस फुगलेली, शेण पातळ, आंबूस वासाचें. पोटफुगी समजून तिला तेल पाजलें, ओवा-आलें दिलें. दुपारीं ती बसली. मान वळवून कुशीवर ठेवी आणि डोळे खोल गेले होते. गुरांचे डॉक्टर तालुक्याच्या गांवाहून येईपर्यंत दुसरी रात्र झाली. तिसऱ्या दिवशीं पहांटे ती गेली. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें सर्पदंश. दादांनीं त्यानंतर तिचें नांव घेतल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

काय झालें होतें तें पंचावन्न वर्षांनीं त्या पुस्तकाच्या पानावर आमच्यापुढें आलें. गाईच्या लाळेंत पिष्ट तोडणारें पाचकद्रव्य जवळजवळ नसतेंच. तिच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. चारा पचवितात ते हेच, आणि त्यांनीं बनविलेल्या सौम्य आम्लांवर गाय जगते. माणसांत अन्न आधीं पाचकरसापुढें येतें आणि उरलेलें जंतूंकडे जातें. गाईंत आधीं जंतूंची पंगत बसते. गवत त्यांना सावकाश पचतें. गाय रवंथ करिते, आणि मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरांच्या वर लाळ गिळते. त्या लाळेंतील सोड्यासारख्या क्षारानें आम्ल मारलें जातें. शिजलेला, मऊ, बिनधाग्याचा भात एकदम बादलीभर आला, तर चावावयास कांहीं उरत नाहीं, रवंथ नाहीं, म्हणून लाळ नाहीं. आणि कांहीं जातींचे जंतु त्या पिष्टावर तुटून पडतात व तीव्र असें दुग्धाम्ल बनवितात. चारा पचविणारे जंतु त्यांत मरतात. पोटांतील आम्लता वाढत जाते तसें शरीरांतील पाणी त्या पोटांत ओढलें जातें, रक्त दाट होतें, आम्ल रक्तांत चढतें. दोन-तीन दिवसांत जनावर दगावतें. भात नासका नव्हता, त्यांत विष नव्हतें. ज्या गुणामुळें तो आजाऱ्याच्या पानांत वाढावा, त्याच गुणानें तिला मारिलें.

पशुपालकांचा सारा खटाटोप या दोन टोकांच्या मधला आहे. अखंड ज्वारी गाईला घातली तर पुष्कळसे दाणे जसेच्या तसे शेणांत दिसतात; पैसा शेणांत गेला. म्हणून भरडा करावा लागतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत १९६० नंतरच्या दशकांत ज्वारी वाफवून पातळ चपटी करण्याची रीत पडली, आणि तिनें त्या धान्याचें पिष्ट पूर्वींपेक्षां पुष्कळच अधिक अंगीं लागूं लागलें. पण पीठ अति बारीक केलें किंवा अंबोण एकाएकीं वाढविलें कीं आम्लतेचें संकट उभें. धान्याची संवय होण्यास जंतूंना दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवीत द्यावें लागतात. कोंबडीला दांत नसले तरी तिच्या पोटांत खडे भरलेलें जातेंच असतें, म्हणून अखंड दाणा तिला चालतो. आणि दारचा कुत्रा भाकरीवर निभावतो, तोही कांहीं केवळ गरिबीनें नव्हे: २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या पाचकद्रव्याची जनुकें लांडग्यापेक्षां कुत्र्यांत कितीतरी अधिक आहेत. माणसाच्या उंबऱ्याशीं राहतां राहतां त्याचें पोटही बदललें.

ज्यांच्या घरीं अद्याप गुरें आहेत, किंवा जे देवळापाशीं गाईंना पोळ्या चारितात, त्यांनीं गोग्रास हा ग्रासच ठेवावा. पोळ्याच्या दिवशीं बैलांपुढें पुरणपोळ्यांची चळत ठेवण्यांत आपलें प्रेम दिसतें. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्याकडे जी धांवपळ होते ती त्या प्रेमाची. आणि एखादें जनावर भाताच्या किंवा पिठाच्या भांड्यांत तोंड घालून बसलेलें आढळलें, तर तें आजारी दिसण्याची वाट न पाहतां डॉक्टरांस बोलवावें.

तें पान आम्हीं दादांस दाखवावें कीं नाहीं, याचा दोन दिवस विचार केला. मग दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें. बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “म्हणजे तें मींच केलं.” आम्हीं म्हटलें, “दादा, आजीनें सांगितलें, आणि कोणालाच ठाऊक नव्हतें.” ते म्हणाले, “ती खाईपर्यंत मी घालीत होतों. दुसरी बादली तिनें मागितली नव्हती.” थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, “माझी वाटी किती मोठी असावी?”

तेव्हांपासून त्यांच्या पानाशीं एक लहान वाटी असते. शिजलेला भात तींत शंभर ग्रॅमांच्या आसपास मावतो, हें सूनबाईंनीं तोलून पाहिलें आहे. वहिनींची पर्युषिताची अडचण त्यांनीं स्वतःच सोडविली. रात्र ओलांडली नाहीं तर तें शिळें नव्हे, या आधारावर सकाळीं भात करून, परातींत निववून, लगेच फ्रिजमध्यें ठेवितात आणि संध्याकाळीं ऊन करून वाढतात. चोवीस तासांचा लाभ आठ तासांत पुरता मिळत नसेल. पण घरांतील शांततेचाही हिशोब करावा लागतो. वाढण्याचा क्रम मात्र सहजीं बदलला नाहीं. न्यूयॉर्क येथें मधुमेही लोकांवर झालेल्या, २०१५ मध्यें छापलेल्या एका लहानशा प्रयोगांत, आधीं भाजी व प्रथिनें आणि मागून पिष्ट, या क्रमानें साखर बरीच कमी चढली. आपल्या पानांत पहिला मान वरण-भाताचा. त्याला मागें सारणें वहिनींना जड गेलें. आतां आधीं कोशिंबीर आणि उसळ होते, आणि वरण, तूप, लिंबू यांसह भात मागून येतो. तूप-लिंबानें अन्न जठरांतून थोडें सावकाश सुटतें, हें ऐकून त्यांचें अर्धें दुःख हलकें झालें. गिरणीवाल्यास आतां ज्वारी जाडसर दळावयास सांगतात, आणि भाकरी तुटली तर कोणी बोलत नाहीं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनीं मात्र यांतलें कांहींही डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये. आहार बदलला कीं औषधाचें मानही बदलावें लागतें.

दादांची साखर पहिल्यासारखी झाली असें नाहीं. दोन तासांचा आंकडा १६० ते १८० मध्यें राहतो, आणि वजन तीन किलोंनीं भरून आलें आहे.

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज कोंकणांतील त्याच घरीं झाली. आमच्या गोठ्यांत आतां गुरें नाहींत, पण शेजारीं दोन गाई आहेत. पंगती उठल्यावर तपेल्यांत भात उरला, आणि गड्यानें तो संवयीनें बादलींत भरावयास घेतला. दादा मांडवांतून उठून आले व त्याच्या हातांतली बादली काढून घेतली. शेजारच्या गाईंना त्यांनीं आपल्या हातानें सुक्या गवतांत मिसळून मूठ-मूठ भात घातला. आसपासचीं चार घरें पाठवून भरेल तेवढा भात डब्यांतून दिला. उरलेला परसांतल्या खतखड्ड्यांत ओतविला. वर माती नीट पडेपर्यंत ते उन्हांत काठी टेंकून तेथेंच उभे होते. वहिनी पानावर त्यांची वाट पाहत होत्या.